थंडीचा ताण

नागपूरकडच्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला विचारा, झाड फुलावर आणायचं तर आधी काय करावं लागतं? तो सांगेल, ताण द्यावा लागतो. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी काळी असेल तर दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, थोडी गळतात. जानेवारीत खत घालून हलकं पाणी सोडलं की फांद्यांवर पांढरी कळी दिसते. या बहारात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीचाही वाटा असतो. मृग बहार धरणारे हाच ताण मे महिन्यात देतात आणि पहिल्या पावसाची वाट पाहतात.

हे ज्याला माहीत आहे त्याला ट्यूलिप समजायला फार वेळ लागू नये. ट्यूलिपलाही ताण लागतो, फक्त तो थंडीचा. बारा ते चौदा आठवडे सलग, ५ ते ९ अंश सेल्सियस. हा हिशोब पुरा झाल्याशिवाय फूल नीट येत नाही, मग वरून कितीही खत घाला, कितीही जपा.

जानेवारी-फेब्रुवारीत शहरातल्या काही रोपवाटिकांमध्ये कळ्यांवर आलेले ट्यूलिप कुंडीत मिळतात. लोक हौसेनं आणतात, आठवडाभर बघतात, फोटो काढतात आणि मग पुढच्या वर्षीच्या आशेनं कुंडीला पाणी घालत राहतात. ती आशा बहुतेक वेळा वाया जाते, कारण विकत घेतलेला असतो तो बहाराचा शेवटचा टप्पा. त्याआधीचे सगळे महिने दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या हवेत, शीतगृहात काढलेले असतात. मला वाटतं, ट्यूलिपची खरी गोडी त्याच महिन्यांमध्ये आहे. ते महिने नागपुरातही काढता येतात, गच्चीवर आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये.

आधी हे झाड राहतं कुठे ते पाहू. ट्यूलिपा या प्रजातीचं मूळ घर मध्य आशियातल्या डोंगरांत आहे. तिएन शान आणि पामीर-अलाय या रांगांमध्ये तिच्या रानटी जाती सर्वांत जास्त सापडतात. तिथून ती पश्चिमेला इराण, कॉकेशस, तुर्कस्तानापर्यंत आणि इकडे अफगाणिस्तानातून पश्चिम हिमालयापर्यंत पसरली आहे. रानटी जाती किती, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांची मतं ७५ पासून १०० पर्यंत जातात. समरकंदजवळच्या डोंगरांतली लालभडक फोस्टेरियाना, बर्फ वितळायला लागताच उमलणारी आणि कमळासारखी सपाट पसरणारी काउफमानियाना, पानांवर जांभळ्या रेघा असलेली ग्रेगी, ही तिथली मंडळी. ग्रेगी बघायला लोक कझाकस्तानातल्या अक्सू-झाबागली या १९२६ साली राखीव केलेल्या अभयारण्यात जातात. बाबरानं काबूलच्या आसपासच्या टेकड्यांवरचे प्रकार मोजवून घेतले होते, ते ३२-३३ भरले. बागेत मुद्दाम लावलेल्या फुलांची ही मोजदाद नव्हती, सगळी डोंगरउतारावर आपोआप उगवलेली होती.

त्या डोंगरात वर्ष कसं जातं? हिवाळ्यात बर्फ. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, जमीन ओली होते, ऊन चांगलं पडतं. ही सोय दोन-अडीच महिने टिकते, मग कोरडा उन्हाळा येतो आणि उतार पिवळा पडतो. म्हणजे वाढायला, फुलायला, बी धरायला आणि पुढच्या वर्षाची शिदोरी बांधायला मिळतात जेमतेम दहा आठवडे. बाकी सगळं वर्ष झाड जमिनीखाली. कंद ही त्याची त्या वर्षाला दिलेली तडजोड आहे.

ट्यूलिपचा एक चांगला कंद उभा चिरून बघा. दहा कंद आणले असतील तर त्यातला एक यासाठी खर्ची घालावा, इतकं ते बघण्यासारखं आहे. बाहेर तपकिरी, कागदी साल. आत तीन ते पाच पांढरे मांसल पापुद्रे, त्यात साठवलेला स्टार्च. बुडाला एक कठीण चकती, मुळं फुटतात ती तिथून. आणि बरोबर मध्ये पिवळसर कोंब. तो कोंब भिंगाखाली धरला तर पानं दिसतात, सहा पाकळ्या दिसतात, सहा पुंकेसर आणि मधला तीन कोपऱ्यांचा स्त्रीकेसर दिसतो. लावणीच्या कितीतरी आधी फूल तयार असतं. हॉलंडमध्ये कंद जून-जुलैत उपटतात आणि १७ ते २० अंशांत ठेवतात. त्या उबेत, कोरड्या पेटीत पडल्यापडल्या कंदाच्या आत फुलाचे अवयव एकेक करून बनतात, सगळ्यांत शेवटी स्त्रीकेसर. तिथले व्यावसायिक नमुन्याचे कंद चिरून स्त्रीकेसर बनला की नाही ते तपासतात आणि मगच माल शीतगृहात टाकतात. घाई केली तर अर्धवट बनलेलं फूल तसंच थिजतं.

फूल आधीच तयार असेल तर थंडी करते काय? थंडीत पापुद्र्यांतल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि दांड्यातल्या पेशी लांबण्यासाठी तयार होतात. वाढ घडवणाऱ्या संप्रेरकांना त्या पेशी दाद देतात त्या थंडी मिळाल्यावरच. म्हणून थंडी कमी पडलेला कंद ओळखायला सोपा असतो. पानं येतात, कळी येते, पण दांडा वर येत नाही. फूल पानांच्या पेचात, मातीला टेकून उमलतं किंवा न उमलताच कागदासारखं वाळून जातं. नागपुरात ट्यूलिप ‘बुटका’ निघाल्याची तक्रार ऐकू येते तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. खताशी त्याचा काही संबंध नसतो.

आता आपल्या गावची थंडी मोजू. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान १२-१३ अंशांच्या आसपास, दिवसाचं २८. काही रात्री पारा ७-८ वर येतो, एखाद्या वर्षी त्याहून खाली. आपण शेकोट्या पेटवतो, पण कंदाच्या खात्यात त्यातलं फारसं जमा होत नाही. चौदा आठवडे म्हणजे २३५२ तास. आपल्याकडे दहा अंशांखालचे तास फार थोडे आणि तेही तुटक, प्रत्येक दुपार मध्ये येते. श्रीनगर जवळपास १६०० मीटरवर आहे, म्हणून झबरवान डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ३० हेक्टरांवर पसरलेली तिथली ट्यूलिप बाग मार्चअखेर उघडते आणि एप्रिलमध्ये संपते. तिथला हिवाळा कंदाचं काम फुकट करून देतो. दिल्लीतल्या रस्त्यांच्या कडेला फेब्रुवारीत जे ट्यूलिप दिसतात ते मात्र आधी थंड करून आणलेलेच असतात.

नागपुरात तो हिवाळा फ्रिजमध्ये करावा लागतो. दोन वाटा आहेत. पहिली, आधीच थंड केलेले कंद डिसेंबरअखेर मागवून आले की लावायचे. दुसरी, सप्टेंबरात साधे कंद आणून स्वतः थंडी द्यायची. सोपी पहिलीच, नवख्यानं तीच धरावी. पण विक्रेत्याला थेट विचारावं: किती आठवडे थंड केलेत, किती अंशांत? ज्याला हे सांगता येत नाही त्याचे कंद घेऊ नयेत. थंडी घेतलेले कंद वाटेत तीन-चार दिवस तापलेल्या गोदामात पडून राहिले तर आतली कळी सुकू शकते, त्यामुळे माल कुठल्या मार्गानं, किती दिवसांत येणार हेही विचारायचं.

स्वतः थंडी देणार असाल तर दिवसांचा हिशोब उलटा मांडा. लावणी नागपुरात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवी, म्हणजे वाढीचे सगळे दिवस जानेवारीच्या गारव्यात जातात. २० सप्टेंबरला कंद फ्रिजमध्ये गेले तर २७ डिसेंबरला चौदा आठवडे भरतात. ऑक्टोबर संपल्यावर साधे कंद घेऊन काही उपयोग नाही. थंडी पुरी होईस्तोवर फेब्रुवारी उजाडतो आणि तेव्हा दुपारी ३२-३३ अंश झालेले असतात.

कंद निवडताना घेर बघा. व्यापारात ट्यूलिपचा कंद घेराच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. १२ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा घेर असेल तर फुलाची खात्री चांगली. दोरा गुंडाळून मोजता येतो, व्यास साधारण पावणेचार सेंटिमीटर भरतो. लहान कंदाला एकच रुंद पान येतं आणि जिथे एकच पान आलं तिथे त्या वर्षी फूल येत नाही. हातात घेतल्यावर कंद जड आणि टणक लागला पाहिजे. सालीवर वरवर निळसर-हिरवी बुरशी असेल तर घाबरू नका, कोरड्या फडक्यानं पुसून टाका. बुडाशी गुलाबी-पांढरी बुरशी, मऊपणा, आंबूस वास असेल तर तो कंद लगेच वेगळा काढून फेका. ती फ्युझेरियम सड असते. असा एक कंद आजूबाजूच्या निरोगी कंदांमधली कळीसुद्धा मारतो, कारण त्यातून इथिलीन वायू सुटतो.

इथिलीनचा हा धोका घरगुती फ्रिजमध्ये सर्वांत मोठा आहे. सफरचंद, केळी, पपई, पेरू, चिकू पिकताना हाच वायू सोडतात. महिनोन्‌महिने त्यांच्या शेजारी पडलेला कंद बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतली कळी वाळलेली असते, कधी कंदातून डिंकासारखा चिकट रस येतो. आता प्रश्न नागपूरकरांचा: संत्र्यांचं काय? ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची संत्री प्रत्येक घरात असतात. चांगलं संत्रं इथिलीन फार कमी सोडतं, त्याचा त्रास नाही. पण संत्र्याला जी हिरवी बुरशी लागते ती बुरशीच भरपूर इथिलीन बनवते. पिशवीतलं एक नासकं संत्रं पुरेसं असतं. म्हणून ज्या फ्रिजमध्ये कंद आहेत तिथे फळं ठेवू नयेत हे बरं. ते शक्य नसेल तर दर दोन दिवसांनी संत्री हाताखालून घालावीत.

कंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे नाहीत, आत घाम धरतो आणि बुरशी येते. जाळीची पिशवी किंवा भोकं पाडलेली कागदी पिशवी घ्या, भाजीच्या कप्प्यात ठेवा. मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे गोठण्याइतकी थंडी पडते आणि गोठलेला कंद वितळल्यावर पिचपिचीत होतो. कप्प्यात पाण्याचा एक ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. हवेचं तापमान दार उघडताना वरखाली होतं, पाण्याचं खरं कळतं. ५ ते ७ अंश ठीक. चार-सहा तास वीज गेल्यानं बिघडत नाही. खरी अडचण दिवाळीची आहे. गावाला जाताना लोक फ्रिज रिकामा करून बंद करतात, कंदाचे निम्मे आठवडे भरलेले असतात आणि आठवडाभराच्या उबेत ते सगळं मोडतं. कंद शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून जा. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: खाण्याचे नाहीत. भाजीच्या कप्प्यात ट्यूलिपचा कंद छोट्या कांद्यासारखाच दिसतो. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमधल्या उपाशी लोकांनी हे कंद मधला कोंब काढून, शिजवून खाल्ले होते हे खरं. पण कंदात विषारी द्रव्य असतं आणि आजच्या शोभेच्या कंदांवर बुरशीनाशकही असतं. मांजर-कुत्र्यालाही ते बाधतात. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी हाताळताना हातमोजे घालावेत, बोटांना खाज येऊन भेगा पडतात.

आठ-दहा आठवड्यांनंतर बुडाच्या चकतीभोवती पांढऱ्या मुळांच्या टोकांचं कडं दिसू लागतं. ते चांगलं लक्षण. तिथून पुढे कंद जपून हाताळा. ट्यूलिपची मुळं सरळसोट असतात, त्यांना फाटे फुटत नाहीत आणि एकदा मोडली की पुन्हा येत नाहीत. याच कारणासाठी लावलेला ट्यूलिप उपटून दुसऱ्या कुंडीत हलवता येत नाही.

मातीबद्दल नागपुरात वेगळं बोलायलाच हवं. आपली काळी माती कापसाला, संत्र्याला सोन्यासारखी, पण कंदाच्या मुळाशी ती पाणी धरून बसते आणि कंद आठवड्यात सडतो. कुंडीत ती एक भागापेक्षा जास्त नको. एक भाग चाळलेली माती, एक भाग जाड रेती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण बसतं. रेती धुऊन घ्यावी, बारीक पोयटा राहिला तर रेती घालूनही निचरा होत नाही. कोकोपीटमध्ये मिठाचा अंश असतो, ते रात्रभर भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्यायचं आणि हे दोनदा करायचं. ताजं शेणखत अजिबात नको, त्याची उष्णता आणि बुरशी दोन्ही कंदाला भोवतात.

कुंडी मातीचीच घ्या. प्लास्टिकची काळी कुंडी जानेवारीच्या दुपारीही तापते, मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. माठाला जे जमतं तेच इथे घडतं, आणि नागपूरचा हिवाळा कोरडा असल्यामुळे चांगलं घडतं. याहून गारवा हवा असेल तर आठ इंची कुंडी बारा इंची कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरावी आणि ती रेती सकाळ-संध्याकाळ ओली करावी. आतल्या मातीचं तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी खाली राहतं. बर्फाचे खडे कुंडीवर ठेवण्याचा उपाय बरेच जण सांगतात, मला तो पटत नाही. वरची माती तासभर गार होते, मग पाणी साचतं आणि थंडीचे राहिलेले आठवडे काही त्यानं भरून निघत नाहीत.

लावणीच्या दिवशी कंदाच्या बुडाजवळची तेवढी साल हलक्या हातानं सोलून काढा, मुळं एकसारखी फुटतात आणि सडकं बूड असेल तर ते तेव्हाच दिसतं. लिटरला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. कंदाची एक बाजू सपाट असते, दुसरी फुगीर. पहिलं मोठं पान सपाट बाजूनं येतं, म्हणून ती बाजू कुंडीच्या कडेकडे करायची. सगळी मोठी पानं बाहेरच्या अंगाला वळतात आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते. आठ इंची कुंडीत पाच किंवा सहा कंद, एकमेकांना न टेकता. वर ५ सेंटिमीटर मिश्रण पुरे. जमिनीत लावणार असाल तर १५ सेंटिमीटर खोल जावं, तिथे माती गार असते, पण मग वाफा उंच हवा. लावल्यावर कुंडीतून पाणी खाली येईपर्यंत एकदा भरपूर द्या.

पहिले दहा-बारा दिवस कुंडी घरातल्या सगळ्यांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. रात्री बाहेर काढली तर फारच छान. कोंब ४-५ सेंटिमीटर झाला की उजेडात आणायची, पण पूर्वेच्या गॅलरीत. सकाळी दहापर्यंतचं ऊन, नंतर सावली. बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर पाणी. आठ इंची कुंडीला एकाआड एक दिवस पाव लिटर पुरतं, कळी आल्यावर रोज लागतं. ताटलीत पाणी उभं राहू देऊ नका. खताची गरज नाही, जेवणाची शिदोरी कंदात आहे. एकच गोष्ट द्यावी: लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, कोंब आल्यावर आठवड्यातून एकदा, दोन-तीन वेळा. भराभर वाढणाऱ्या दांड्याला कॅल्शियम कमी पडलं तर कळीच्या खाली काचेसारखा पाणचट डाग पडतो आणि फूल उमलायच्या बेतात असताना दांडा तिथेच वाकून मोडतो. उबेत वाढ वेगानं होते, म्हणून आपल्याकडे हा धोका थंड देशांपेक्षा जास्त. नुसत्या कोकोपीटवर लावणाऱ्यांना तो हमखास भेटतो.

मिश्रणाचा हा खटाटोप नको असेल तर काचेच्या भांड्यात गोटे आणि पाणी हाही मार्ग आहे. पाण्याची पातळी कंदाच्या बुडापासून एक सेंटिमीटर खाली ठेवायची, बूड भिजलं की सडतं. पाणी रोज बदलायचं आणि माठातलं गार घालायचं. नागपुरात हा मार्ग कुंडीपेक्षा सोपा जातो असं माझं मत आहे, कारण मुळांचं तापमान तुमच्या हातात राहतं.

कोंब वर येतो आहे पण दांडा आखूड वाटतो, असं दिसलं तर कोंबावर चार-पाच दिवस पालथी कुंडी झाकून ठेवा. अंधारात दांडा थोडा ताणतो. थंडी अगदीच कमी पडली असेल तर यानंही काही होत नाही, पण थोडी कसर निघते. खारी आणि उंदीर कंद उकरतात, कुंडीवर लोखंडी जाळी बांधा. फेब्रुवारीत मावा येतो, त्याला लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या थेंबासह. मावा दिसायला क्षुल्लक, पण ट्यूलिपच्या इतिहासात त्याचं मोठं स्थान आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या ज्वाळांसारख्या रेघांच्या फुलांसाठी लोकांनी घरादाराएवढे पैसे मोजले आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो सगळा बाजार कोसळला, त्या रेघा विषाणूमुळे पडत होत्या. तो विषाणू पसरवतो मावा. रेघांमागे विषाणू आहे हे उलगडलं १९२८ साली, डोरोथी केली या इंग्लंडमधल्या संशोधक बाईंच्या कामातून. रोगट कंद दर पिढीला अशक्त होत जातात, म्हणून त्या जुन्या नावाजलेल्या फुलांमधली बहुतेक नाहीशी झाली. आज रेघांचे जे ट्यूलिप मिळतात त्यांच्या रेघा पैदाशीतून आलेल्या, निरोगी आहेत.

जातींमध्ये नागपुरासाठी ट्रायम्फ आणि डार्विन संकरित हे दोन गट धरा. दांडा मजबूत असतो आणि थंडीला ते चांगला प्रतिसाद देतात. झालरीच्या पाकळ्यांचे आणि दुहेरी, उशिरा फुलणारे प्रकार चित्रात मोहक दिसतात, पण त्यांना वाढायला जास्त दिवस लागतात आणि तेवढे दिवस आपल्या हिवाळ्याकडे नाहीत.

सगळं जमलं तर लावणीपासून चार ते सहा आठवड्यांत फूल. कळीला रंग चढला की कुंडी सर्वांत गार खोलीत न्या. ट्यूलिप उबेत उघडतो आणि गारव्यात मिटतो. पाकळीची आतली बाजू उबेत वेगानं वाढते, बाहेरची गारव्यात, आणि दर उघडमिटीत पाकळी थोडी मोठी होत जाते. वीस अंशांत फूल आठवडाभर टिकतं, २८ अंशांत तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. फूल कापून फुलदाणीत ठेवलं तरी दांडा वाढतच राहतो आणि खिडकीकडे वळतो. ती फुलदाणी रोज फिरवावी लागते.

यानंतर येतो तो प्रश्न, ज्याचं उत्तर लोकांना नको असतं: कंद पुढच्या वर्षी चालेल का? नागपुरात नाही. आणि याचा दोष माळ्याच्या कसबाकडे जात नाही. ट्यूलिपचा कंद मुळात एकाच वर्षाचा असतो. फूल येऊन गेलं की जुने पापुद्रे पूर्ण रिते होतात आणि त्यांच्या कुशीत नवे कंद तयार होतात. डोंगरातसुद्धा यंदाचा कंद पुढच्या वर्षी नसतो, असतं ते त्याचं पिल्लू. ते पिल्लू मोठं व्हायला फुलानंतर सहा ते आठ आठवडे हिरवी पानं आणि गार हवा लागते. आपल्याकडे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच पानं पिवळी पडतात, म्हणून पिल्लं सुपारीएवढी राहतात. समजा ती जपली, तरी पुढच्या फुलाची कळी बनायला १७ ते २० अंशांचा उन्हाळा हवा, आणि आपला नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, ४५ अंशांचा. त्यानंतर जून ते सप्टेंबरचा पाऊस. मध्य आशियातला कंद ज्या महिन्यांत कोरड्या मातीत निजतो त्या महिन्यांत विदर्भातली जमीन चिंब असते. एवढ्या सगळ्यांशी भांडून एकपानी रोप मिळवण्यात अर्थ नाही. फूल झाल्यावर कंद खतखड्ड्यात टाकावेत आणि दरवर्षी नवे घ्यावेत. श्रीनगरच्या बागेसाठीसुद्धा हॉलंडहून कंद येतात. हिमाचलमध्ये पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेनं लाहौलच्या उंचीवर कंद वाढवण्याचं काम हाती घेतलं आहे. ते वाढत जावं असं मनापासून वाटतं, कारण मग कंदाचा प्रवास छोटा होईल आणि वाटेतली उष्णताही कमी होईल.

एक अपवाद करून बघण्यासारखा आहे, क्लुसियाना. १५९३ साली हॉलंडमधल्या लायडनला आलेल्या आणि तिथल्या बागेत ट्यूलिप फुलवणाऱ्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं आहे. बारीक दांडा, टोकदार पाकळ्या, बाहेरून लालसर पट्टा, आतून पांढरी. अफगाणिस्तानापासून आपल्या पश्चिम हिमालयापर्यंत ती रानात उगवते. बागेतल्या संकरित जातींपेक्षा तिला थंडी कमी पुरते, उबदार हिवाळ्याच्या देशांतही ती तग धरते. कंद लहान असतो, आठ इंची कुंडीत दहा बसतात. तिलाही नागपुरात फ्रिजचे आठ-दहा आठवडे द्या आणि पावसाळ्यात कंद कोरड्या रेतीत, घरात ठेवा. कंद मिळवणं मात्र सोपं नाही.

आपल्या मातीलाही कंदांची स्वतःची मंडळी आहे, हे ट्यूलिपच्या नादात विसरायला नको. विदर्भातल्या कोरड्या रानात, खडकाळ माळावर रानकांदा उगवतो. एप्रिल-मेच्या उन्हात, एकही पान नसताना, जमिनीतून त्याचा फुलांचा उंच दांडा निघतो, पानं येतात ती पाऊस पडल्यावर. ट्यूलिपचं घड्याळ थंडीवर चालतं, याचं उन्हाळ्यावर. आपल्या कुंड्यांमध्ये रुळलेल्या परदेशी कंदांमध्येही असे आहेत. मेअखेर लाल गोळ्यासारखा फुलणारा फुटबॉल लिलीचा कंद आफ्रिकेतला, पहिल्या सरीनंतर उमलणारी पावसाळी लिली आणि निशिगंध अमेरिका खंडातले. यांना फ्रिज लागत नाही.

त्यामुळे मार्चमध्ये ट्यूलिपची कुंडी रिकामी झाली की ती तशी ठेवू नका. तेच मिश्रण दोन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा, त्यात दोन मुठी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला, आणि मार्चअखेर निशिगंधाचे अडीच सेंटिमीटर व्यासाचे कंद ५ सेंटिमीटर खोल, आठ इंची कुंडीत तीन, असे लावा. उगवेपर्यंत पाणी बेतानं, पानं आल्यावर नियमित. दांडे जुलै-ऑगस्टमध्ये येतील. ट्यूलिपची नवी मागणी नोंदवायचीही वेळ तीच असते, कारण सप्टेंबरात पोचणाऱ्या मालाची नोंदणी बरेच विक्रेते पावसाळ्यातच उरकतात.